हरवणाऱ्या प्रोटॉनांचा हिशोब

पदार्थाच्या पोटात शिरून तिथली खबर आणण्यात न्यूट्रॉनची बरोबरी करणारे साधन अजून तरी सापडलेले नाही. क्ष-किरण अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यामुळे हायड्रोजनसारखा हलका अणू त्यांना जवळजवळ दिसतच नाही. न्यूट्रॉन थेट अणुकेंद्राशी गाठ घालतो. त्याला प्रथिनातला हायड्रोजन दिसतो आणि बॅटरीतला लिथियमही दिसतो. जाड पोलादातून तो आरपार जातो. स्वतःच एक सूक्ष्म चुंबक असल्यामुळे पदार्थातले अणूंचे चुंबक कोणत्या दिशेने तोंड करून उभे आहेत हेही तो सांगतो. हे तंत्र घडवणाऱ्या बर्ट्रम ब्रॉकहाउस आणि क्लिफर्ड शल यांना १९९४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघांनी आपले मूळ काम केले होते अणुभट्ट्यांवर.

अणुभट्टीची अडचण उष्णतेची आहे. युरेनियमचे एक अणुकेंद्र फुटले की सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे २०० एमईव्ही, ऊर्जा बाहेर पडते आणि साखळी चालू ठेवून वापरायला उरतो जेमतेम एक न्यूट्रॉन. गाभ्यातून ही उष्णता किती वेगाने उपसून काढायची याला मर्यादा आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबलची ५८ मेगावॉटची भट्टी १९७०च्या दशकात पूर्ण ताकदीने चालू लागली, त्यानंतर भट्ट्यांच्या न्यूट्रॉनप्रवाहात फारशी वाढ झाली नाही, याचे मुख्य कारण हेच.

दुसरा मार्ग प्रोटॉनचा. सुमारे १००० एमईव्ही, म्हणजे १ जीईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन टंगस्टन किंवा पाऱ्यासारख्या जड मूलद्रव्यावर आदळला की अणुकेंद्राचे कण उडतात, ते शेजारच्या केंद्रांवर आपटतात आणि एका प्रोटॉनमागे वीस-पंचवीस न्यूट्रॉन बाहेर पडतात. या क्रियेला स्पॅलेशन म्हणतात. दर न्यूट्रॉनमागे तयार होणारी उष्णता भट्टीच्या मानाने कितीतरी कमी असते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की प्रोटॉन हप्त्याहप्त्याने सोडता येतात. शर्यतीत सगळे धावपटू एकाच इशाऱ्यावर सुटले तर शेवटच्या रेषेवर नुसते घड्याळ पाहून प्रत्येकाचा वेग सांगता येतो, तसेच इथे होते. ४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे १ किलोमीटर जातो, १ अँगस्ट्रॉमचा सुमारे ४ किलोमीटर. वीस मीटरच्या वाटेवर पहिला २० मिलिसेकंदांनी पोहोचतो, दुसरा ५ मिलिसेकंदांनी. भट्टीवर एक तरंगलांबी निवडून बाकी सारे न्यूट्रॉन फेकून द्यावे लागतात. स्पंदित स्रोतावर सगळ्यांचा उपयोग होतो.

मात्र यासाठी सुटण्याची वेळ नेमकी हवी. लक्ष्यातून निघालेले तापट न्यूट्रॉन मंदायकात, म्हणजे पाण्यात किंवा उणे २५० अंश सेल्सियसच्या आसपासच्या द्रव हायड्रोजनसारख्या पदार्थात, धक्के खात शांत होतात. त्यात त्यांची वेळ काही मायक्रोसेकंदांनी ते काही दशक मायक्रोसेकंदांनी विस्कटते. प्रोटॉनचा स्पंद त्याहून आखूड हवा. म्हणून वेगवर्धकाच्या रचनाकारापुढे मागणी येते ती अशी: सेकंदाला दहा ते साठ स्पंद, प्रत्येक स्पंद एक मायक्रोसेकंदाच्या आत, ऊर्जा १ जीईव्हीच्या आगेमागे, आणि प्रत्येक स्पंदात शक्य तितके प्रोटॉन. झोताची शक्ती म्हणजे ऊर्जा गुणिले सरासरी प्रवाह. १ ते ३ जीईव्हीच्या पट्ट्यात एका किलोवॉटमागे मिळणारे न्यूट्रॉन जवळपास सारखेच राहतात, त्यामुळे ऊर्जा वाढवून प्रवाह कमी करायचा की उलट, याची मोकळीक रचनाकाराला मिळते. या मोकळिकीतूनच जगातल्या यंत्रांची तीन घराणी निर्माण झाली.

त्यांच्याकडे वळण्याआधी या सगळ्या क्षेत्रावर राज्य करणारा एक आकडा सांगायला हवा: एका मीटरला एक वॉट. प्रोटॉन वाट चुकून नळीच्या भिंतीवर आदळला की तिथला धातू किरणोत्सर्गी होतो. १ जीईव्हीच्या आसपास दर मीटरला एक वॉट एवढा झोत दीर्घकाळ वाया जात राहिला, तर यंत्र बंद करून चार तासांनीही नळीपासून फूटभर अंतरावर ताशी सुमारे एक मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी वर्षभराची मर्यादा तेवढीच आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञ मोजूनमापून, थोडा वेळ तिथे काम करू शकतो. याहून जास्त गळती झाली तर पंप बदलायलासुद्धा यंत्रमानव लागतो आणि शेकडो मीटर लांबीचे यंत्र यंत्रमानवाच्या भरवशावर चालत नाही. आता गणित करा. एक मेगावॉटच्या यंत्रात दर मीटरला एक वॉट म्हणजे दहा लाख प्रोटॉनांत एक. एवढ्या प्रोटॉनांतला एक जिथे हरवायला परवानगी आहे तिथे रचनेचा प्रत्येक निर्णय त्या एका प्रोटॉनभोवती फिरतो. प्रोटॉनला १ जीईव्हीपर्यंत नेण्याची विद्या १९५०च्या दशकातच हाती आली होती. तो वाटेत सांडू न देण्याची विद्या मिळवायला पुढची पन्नास वर्षे लागली, आणि या लेखात मला तीच गोष्ट सांगायची आहे.

पहिले प्रयोग अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत झाले. जॅक कार्पेंटर यांनी १९७०च्या दशकात तिथे झिंग नावाचे छोटे नमुने उभारले आणि स्पंदित न्यूट्रॉनांवर खरेखुरे विज्ञान होते हे दाखवून दिले. १९८० साली जपानमध्ये त्सुकुबाला केन्स सुरू झाले, १९८१ साली अरगॉनलाच आयपीएनएस. ही यंत्रे काही किलोवॉटांची होती. मोठी उडी मारली इंग्लंडने. ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत निमरॉड नावाचा ७ जीईव्हीचा जुना सिंक्रोट्रॉन १९७८ साली बंद झाला. त्याच्याच इमारतींत नवे यंत्र बसवले गेले आणि डिसेंबर १९८४ मध्ये तिथे पहिले न्यूट्रॉन मिळाले. पुढच्या वर्षी मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते उद्घाटन होऊन त्याला आयसिस हे नाव पडले.

आयसिस हा पहिल्या घराण्याचा, म्हणजे झपाट्याने फिरणाऱ्या सिंक्रोट्रॉनांचा, मूळपुरुष. सरळ रेषेतला वेगवर्धक, ज्याला सगळे लिनॅक म्हणतात, कणांना फक्त ७० एमईव्हीपर्यंत नेतो. मग ते १६३ मीटर परिघाच्या वर्तुळात शिरतात. तिथले चुंबक सेकंदाला पन्नास वेळा चढतात-उतरतात. चढत्या दहा मिलिसेकंदांत प्रोटॉन सुमारे दहा हजार फेऱ्या मारून ८०० एमईव्हीला, म्हणजे प्रकाशाच्या ८४ टक्के वेगाला पोहोचतात, आणि मग एकाच फेरीत झटक्यात बाहेर काढले जातात. एका स्पंदात सुमारे २.८ गुणिले १० चा तेरावा घात एवढे प्रोटॉन असतात. झोताची शक्ती दोनशे किलोवॉटच्या आतबाहेर. चाळीस वर्षे झाली, हे यंत्र चालू आहे. २००८ मध्ये त्याला दुसरे लक्ष्य जोडले गेले, पन्नासांतले दहा स्पंद तिकडे जातात. शक्तीच्या आकड्यांवर डोळे लावून बसणाऱ्यांनी आयसिसकडे नीट पाहावे. त्याच्याहून कित्येक पट ताकदीची यंत्रे आली तरी त्याच्या प्रयोगकेंद्रांवर जगभरातून, भारतातूनही, शास्त्रज्ञांची रांग आहे.

वर्तुळात एवढे प्रोटॉन भरायचे कसे, हा पहिला पेच होता. आधीच फिरत असलेल्या प्रोटॉनांच्या जागेवर त्याच जातीचे नवे प्रोटॉन चढवता येत नाहीत, लिउव्हिल यांचे प्रमेय आड येते. रशियातल्या नोवोसिबिर्स्कला बुडकर आणि डिमोव्ह यांनी १९६०च्या दशकात यातून वाट काढली. लिनॅकमधून प्रोटॉनऐवजी ऋण हायड्रोजन आणायचा, म्हणजे एका प्रोटॉनभोवती दोन इलेक्ट्रॉन. त्याचा भार उलटा असल्यामुळे चुंबक त्याला उलट दिशेने वळवतो आणि तो फिरत्या प्रोटॉनांच्या वाटेवर अलगद येऊन मिळतो. त्या ठिकाणी एक अतिशय पातळ पापुद्रा, फॉइल, ठेवलेला असतो. त्यातून पार होताना दोन्ही इलेक्ट्रॉन गळतात आणि उरतो प्रोटॉन, जुन्यांच्या जागेवर बसलेला. लिउव्हिलचा नियम मोडत नाही, कारण कणाची जातच बदलली. आज प्रत्येक मोठ्या आखूड-स्पंदाच्या स्रोतात हीच युक्ती आहे.

दुसरा पेच प्रोटॉनांच्या आपसातल्या तिटकाऱ्याचा. सारख्या भाराचे कण एकमेकांना ढकलतात, त्यामुळे भिंगांसारखे काम करणाऱ्या चुंबकांची पकड ढिली पडते, कण धोक्याच्या अनुनादांकडे सरकतात आणि झोताच्या कडेला एक विरळ आभा तयार होते. भिंतीवर आदळतात ते या आभेतले कण. वेग वाढला की हा दुरावा झपाट्याने कमी होतो, कारण धावत्या भारांचे चुंबकीय आकर्षण विद्युत प्रतिकर्षणाला जवळजवळ फेडून टाकते. म्हणून सिंक्रोट्रॉनच्या क्षमतेची खरी किल्ली कण आत शिरतानाच्या ऊर्जेत असते. जपानमध्ये तोकाईच्या जे-पार्क केंद्रात हे चांगलेच दिसले. तिथला ३ जीईव्हीचा, ३४८ मीटर परिघाचा सिंक्रोट्रॉन सेकंदाला २५ स्पंद देतो. ३० मे २००८ रोजी पहिले न्यूट्रॉन मिळाले तेव्हा लिनॅक १८१ एमईव्हीचाच होता. पुढे तो ४०० एमईव्हीपर्यंत वाढवला आणि प्रतिकर्षणाचा त्रास सुमारे एकतृतीयांशावर आला. २०१५ मध्ये तिथे एक मेगावॉटच्या तोडीचा झोत चालवून दाखवला गेला. मधल्या काळात ११ मार्च २०११ च्या भूकंपाने याच केंद्राची जमीन खचली होती, चुंबक जागचे हलले होते. वर्ष सरायच्या आत त्यांनी पुन्हा झोत फिरवला, हे लिहिताना मला त्या अभियंत्यांबद्दल मनापासून आदर वाटतो.

झपाट्याने चढणाऱ्या चुंबकांची स्वतःची वेगळी डोकेदुखी असते. धातूच्या नळीत बदलत्या चुंबकीय क्षेत्राने प्रवाह उसळतात, नळी तापते आणि क्षेत्र बिघडते. म्हणून आयसिस आणि जे-पार्क दोन्हींमध्ये चुंबकांच्या आत चिनीमातीच्या जातीच्या, ॲल्युमिनाच्या नळ्या आहेत. पण नुसत्या ॲल्युमिनाला झोताचा स्वतःचा प्रतिमाप्रवाह वाहून नेता येत नाही. आयसिसने आत तारांचा पिंजरा बसवला, जे-पार्कने नळीवर तांब्याच्या पट्ट्या ओढल्या. प्रोटॉनला वेग देणाऱ्या रेडिओ-लहरींची कंप्रताही त्याच्या वेगाबरोबर वाढवत न्यावी लागते. या दोन गोष्टींवर जन्म काढलेली माणसे या प्रयोगशाळांत भेटतात.

दुसऱ्या घराण्याने हा सगळा व्याप टाळला. पूर्ण ऊर्जा लिनॅकमध्येच द्यायची आणि वर्तुळ फक्त साठवणीला वापरायचे, त्याचे चुंबक स्थिर. याची सुरुवात न्यू मेक्सिकोमधल्या लॉस अलामॉसला झाली. तिथे लुईस रोझेन यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये ८०० एमईव्हीचा लिनॅक सुरू झालेला होता, १९८५ मध्ये त्याला साठवणीचे वर्तुळ जोडले. त्या वर्तुळाने एक नवाच आजार दाखवला. प्रवाह एका मर्यादेपलीकडे गेला की झोत अचानक थरथरू लागायचा आणि प्रोटॉन सांडायचे. भिंतीतून सुटलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या ढगात अडकून त्याला हिंदकळवतात हे हळूहळू उमगले. पुढच्या यंत्राने हा धडा घेतला आणि वर्तुळातील नळ्यांना आतून टायटॅनियम नायट्राइडचा लेप दिला. त्या लेपातून इलेक्ट्रॉन कमी सुटतात.

ते पुढचे यंत्र म्हणजे टेनेसीमधल्या ओक रिजचे एसएनएस. सहा राष्ट्रीय प्रयोगशाळांनी ते वाटून घेऊन बांधले: आयनस्रोत बर्कलीने, लिनॅक लॉस अलामॉसने, अतिसंवाहक भाग जेफरसनने, वर्तुळ ब्रूकहेवनने, उपकरणे अरगॉनने आणि लक्ष्य ओक रिजने. खर्च सुमारे १.४ अब्ज डॉलर. २८ एप्रिल २००६ रोजी पहिले न्यूट्रॉन मिळाले. लिनॅकमध्ये ऋण हायड्रोजनचा एक मिलिसेकंदाचा हप्ता १ जीईव्हीपर्यंत जातो आणि २४८ मीटरच्या वर्तुळात हजारांहून जास्त फेऱ्यांत एकावर एक गुंडाळला जातो. शेवटी तो जेमतेम ०.७ मायक्रोसेकंदांचा होऊन पाऱ्यावर आदळतो. १.४ मेगावॉटला एका स्पंदात सुमारे २३ किलोजूल ऊर्जा असते. ०.७ मायक्रोसेकंदांत २३ किलोजूल म्हणजे त्या क्षणापुरती ३० गिगावॉटहून जास्त शक्ती.

एसएनएसच्या बांधणीतला सर्वांत धाडसी निर्णय प्रकल्प सुरू झाल्यावर, २००० च्या सुमारास घेतला गेला: १८६ एमईव्हीनंतरचा सगळा लिनॅक तांब्याऐवजी अतिसंवाहक नायोबियमच्या ८१ कॅव्हिटींचा, म्हणजे रेडिओ-लहरींनी कणांना वेग देणाऱ्या पोकळ्यांचा, करायचा. प्रोटॉनसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कोणी केले नव्हते. वीज वाचते हा त्याचा एक फायदा. माझ्या मते त्याहून मोठे फायदे दोन आहेत. नायोबियमच्या कॅव्हिटीचे भोक रुंद असते, त्यामुळे झोताच्या कडेची आभा भिंतीला न लागता निघून जाते. आणि प्रत्येक कॅव्हिटीला स्वतःचा क्लायस्ट्रॉन, म्हणजे रेडिओ-लहरींचा स्रोत, असल्यामुळे एखादी बिघडली तर ती बंद ठेवून पुढच्यांतल्या लहरींची कला (फेज) सुधारून घेता येते, यंत्र चालू राहते. सेकंदाला साठ स्पंद, वर्षाला हजारो तास, दारात जगभरचे प्रयोगकर्ते उभे, अशा ठिकाणी या लवचिकतेची किंमत कोणत्याही उच्चांकापेक्षा जास्त आहे.

आणि तरीही प्रोटॉन हरवत होते. रचनेच्या हिशोबाप्रमाणे अतिसंवाहक भागात गळती जवळजवळ शून्य असायला हवी होती, प्रत्यक्षात किरणोत्सर्ग मोजण्याइतका चढला. आभेचे सगळे सिद्धान्त लावून पाहिले, जुळेना. चालकांनी मग निव्वळ हाताने प्रयोग केला. झोताला आवळून धरणाऱ्या चुंबकांची ताकद कमी केली, म्हणजे झोत फुगू दिला, आणि गळती कमी झाली. पाठ्यपुस्तकाच्या नेमके उलट. फर्मी प्रयोगशाळेतले वलेरी लेबेदेव यांनी २०१०च्या सुमारास याचे कारण सुचवले: एकाच पुंजक्यातले ऋण हायड्रोजन एकमेकांवर आपटून दुसरा, सैल धरलेला इलेक्ट्रॉन गमावतात. उदासीन झालेला अणू कोणत्याच चुंबकाचे ऐकत नाही आणि सरळ भिंतीकडे जातो. झोत जितका आवळाल तितके हे अपघात जास्त. खात्री करायला ओक रिजच्या लोकांनी लिनॅकच्या तोंडाशी पातळ फॉइल ठेवून ऋण हायड्रोजनचे प्रोटॉन केले आणि तोच लिनॅक प्रोटॉनवर चालवून पाहिला. प्रोटॉनला गमावायला इलेक्ट्रॉन नाही. गळती एकदम खाली आली. २०१२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या क्षेत्रात इतका स्वच्छ, इतका निर्णायक प्रयोग मी दुसरा वाचलेला नाही. ज्या ऋण हायड्रोजनमुळे वर्तुळ भरता येते तोच लिनॅकमध्ये गळतीचे कारण ठरतो, आणि पुढच्या प्रत्येक रचनेला ही देवघेव गृहीत धरावी लागते.

त्या इलेक्ट्रॉनांचा शेवटचा हिशोब फॉइलवर होतो. एसएनएसची फॉइल हिऱ्याच्या सूक्ष्म कणांची असते, जाडी साधारण एक मायक्रॉन. ती एका बाजूने धरलेली असते, बाकीच्या कडा मोकळ्या, कारण दुसरी चौकट ठेवली तर तिच्यावर प्रोटॉन आदळतील. नवे कण तिच्यातून जातातच, शिवाय फिरणारे जुने प्रोटॉनही पुन्हा पुन्हा तिला छेदत राहतात. रचनाकार आत शिरण्याची जागा फेरीगणिक थोडी थोडी सरकवतात, म्हणजे झोत वर्तुळाच्या पोटात सारखा पसरतो आणि फॉइलवरचे हेलपाटेही कमी होतात. तरी ती हजार अंशांच्या वर तापून प्रकाशमान होते, वाकते, सुरकुत्या पडतात. १ जीईव्हीला गळलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ सुमारे ५४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. १.४ मेगावॉटच्या झोतात हे सगळे मिळून दीड किलोवॉट होतात, आणि चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत जिथे पडतील तिथले वितळवतात. सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या फॉइल धरणाऱ्या आधाराला असाच फटका बसला होता. जे-पार्कने बोरॉन मिसळलेल्या कार्बनची फॉइल विकसित केली. फॉइलच काढून टाकून लेसरने इलेक्ट्रॉन सोडवण्याचा प्रयोग ओक रिजला २००६ मध्ये क्षणभरासाठी आणि दहा वर्षांनी दहा मायक्रोसेकंदांसाठी यशस्वी झाला आहे. पूर्ण मिलिसेकंदासाठी लागणारी लेसरशक्ती अजून आवाक्यात आलेली नाही.

लक्ष्याची बाजू इथे थोडक्यात घेतो, कारण ती वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण वेगवर्धकाच्या रचनेवर ती उलटी येऊन बसते. एका मायक्रोसेकंदात २० ते ४० किलोजूल ऊर्जा पडली की पाऱ्याला प्रसरण पावायला वेळच मिळत नाही, दाबाची लाट उठते, तिच्या मागे पोकळ्या तयार होतात आणि त्या फुटताना पोलादी भांड्याच्या भिंतीला खड्डे पाडतात. दोन्ही पाऱ्याच्या यंत्रांची लक्ष्ये अकाली निकामी झाली आहेत. जे-पार्कने २०१५ नंतर काही काळ शक्ती खूप खाली ठेवली. पाऱ्यात हेलियमचे बारीक बुडबुडे सोडून ही लाट बोथट करता येते, आणि वेगवर्धकाच्या बाजूने अष्टध्रुवी चुंबक लावून झोताचा मधला उंचवटा सपाट केला जातो. सरळ सांगायचे तर आखूड स्पंदाच्या स्रोतात शक्तीची कमाल मर्यादा आज वेगवर्धकापेक्षा लक्ष्य ठरवते.

हे ओळखून तिसरे घराणे जन्माला आले. स्वीडनमधल्या लुंडचा युरोपीय स्रोत, ईएसएस, यात वर्तुळच नाही. २ जीईव्हीचा, सुमारे ६०० मीटर लांबीचा अतिसंवाहक लिनॅक सेकंदाला १४ वेळा २.८६ मिलिसेकंदांचा, ६२.५ मिलिअँपिअरचा स्पंद थेट टंगस्टनच्या फिरत्या चाकावर टाकेल अशी त्याची रचना आहे. चाकाला ३६ कप्पे आहेत, प्रत्येक स्पंदाला नवा कप्पा. रचनेची शक्ती ५ मेगावॉट, पहिला टप्पा २ मेगावॉटचा. वर्तुळ नाही म्हणून ऋण हायड्रोजन लागत नाही, फॉइल लागत नाही, आपसात आपटून इलेक्ट्रॉन गमावण्याचा प्रश्नच उरत नाही. एका स्पंदात साडेतीनशे किलोजूल असूनही ते मिलिसेकंदांवर पसरलेले असल्यामुळे लक्ष्याला तो हादरा बसत नाही. किंमत मोजावी लागते ती वेळेच्या नेमकेपणात. थंड न्यूट्रॉनांना मंदायकातच बराच वेळ लागतो, त्यांना लांब स्पंद चालतो. तापट न्यूट्रॉनांसाठी मात्र दीडशे मीटर लांबीच्या वाटा आणि स्पंद कापणाऱ्या फिरत्या तबकड्यांची मालिका लागते. सेकंदाला १४ स्पंद हा आकडाही यातूनच आला: दोन स्पंदांत ७१ मिलिसेकंद मोकळे असल्याशिवाय एवढ्या लांब वाटेवर आधीचे मंद आणि नंतरचे वेगवान न्यूट्रॉन एकमेकांत मिसळतात. पॉलिमर, प्रथिने, चुंबकीय थर यांसाठी लुंडची रचना उत्तम आहे. उच्च ऊर्जेच्या न्यूट्रॉनांसाठी आखूड स्पंदाला पर्याय नाही, असे माझे मत आहे.

मोठ्या यंत्रांच्या गर्दीत एक छोटे यंत्र दुर्लक्षित राहते. चीनने क्वांगतुंग प्रांतात डोंगग्वानजवळ आयसिसच्या वाटेने जायचे ठरवले: ८० एमईव्हीचा लिनॅक, १.६ जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, सेकंदाला २५ स्पंद, १०० किलोवॉट. कोणताही उच्चांक नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ते रचनेच्या शक्तीला पोहोचले आणि पुढे तिच्या वर गेले. शहाणपण आहे ते बोगद्यात. लिनॅकच्या पुढे त्यांनी रिकामी जागा राखून ठेवली होती. आता तिथे अतिसंवाहक कॅव्हिटी बसवून शिरतानाची ऊर्जा ३०० एमईव्ही आणि शक्ती ५०० किलोवॉट करण्याचे काम सुरू आहे. ओक रिजनेही हेच केले होते. मूळ बोगद्यात जागा सोडली होती म्हणूनच तिथे सात नवी कॅव्हिटी-भांडी बसवून ऊर्जा १.३ जीईव्हीपर्यंत नेता आली आणि शक्तीची क्षमता दुप्पट होऊन २.८ मेगावॉट झाली. काँक्रीट नंतर फोडता येत नाही, विशेषतः ते किरणोत्सर्गी झाल्यावर.

आता आपल्याकडे. न्यूट्रॉन विखुरणाची भारतातली परंपरा जुनी आहे आणि ती मुंबईची आहे. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. ब्रॉकहाउस यांच्याकडे कॅनडात काम करून आलेल्या पी. के. अय्यंगारांनी इथे स्वतःच्या बनावटीची उपकरणे उभी केली. नंतरची सायरस भट्टी २०१० च्या अखेरीस बंद झाली. १९८५ पासून चालणारी १०० मेगावॉटची ध्रुव ही आज आपली एकमेव मोठी न्यूट्रॉनशाळा आहे, आणि तिच्या प्रयोगदालनात देशभरच्या विद्यापीठांतले विद्यार्थी येतात. स्पंदित स्रोत आपल्याकडे नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने त्यासाठी आराखडे केले आहेत: आधी १ जीईव्हीचा, १०० किलोवॉटचा सिंक्रोट्रॉन, नंतर १ जीईव्हीचा अतिसंवाहक लिनॅक आणि साठवणीचे वर्तुळ, १ मेगावॉट. ट्रॉम्बेला लेहिपा हा २० एमईव्हीचा लिनॅक बांधला गेला आहे, त्यात थोरियमवर चालणाऱ्या वेगवर्धक-भट्टीचे स्वप्नही गुंतलेले आहे. नायोबियमच्या कॅव्हिटी घडवण्याचे, त्या लेसरने जोडण्याचेसुद्धा, कसब इंदूरने मिळवले आहे आणि फर्मी प्रयोगशाळेच्या नव्या लिनॅकला भारतातून सामग्री जाते. म्हणजे हात आहेत.

एक मेगावॉटच्या आराखड्याचा मोह मला समजतो, पण तो पहिल्या पावलासाठी बरोबर वाटत नाही. पूर्ण ऊर्जेचा लिनॅक शेवटच्या मीटरपर्यंत बांधून झाल्याशिवाय कामाचा एकही न्यूट्रॉन देत नाही. दहा लाखांत एकच प्रोटॉन हरवू देणारी शिस्त कागदावर शिकता येत नाही, ती चालत्या यंत्रावर, चुकलेल्या झोतावर, तापलेल्या फॉइलवर शिकावी लागते. सिंक्रोट्रॉनचा रस्ता धरला तर १०० किलोवॉटवर दहा-बारा उपकरणे लवकर चालू होतील, झोत चालवणारी पिढी तयार होईल, आणि इंदूरच्या नायोबियम कॅव्हिटींना त्याच बोगद्यातल्या राखीव जागेत पुढच्या टप्प्याचे काम मिळेल. थोरियमसाठीचा अखंड झोताचा लिनॅक हे वेगळे यंत्र आहे, त्याच्या गरजा वेगळ्या आहेत. दोन्ही अपेक्षा एकाच प्रकल्पावर लादल्या तर दोन्ही रखडतील.

अणुऊर्जा विभागाने आणि विज्ञान मंत्रालयाने आता जागा ठरवावी, लांब बोगद्याची परवानगी एकदमच घ्यावी आणि लहान यंत्राने सुरुवात करावी. डोंगग्वानला २०११ मध्ये पाया खणला गेला आणि २८ ऑगस्ट २०१७ रोजी पहिले न्यूट्रॉन मिळाले.